पेंडुरकरमास्तरांचा अर्धा स्टॉप

पेंडुरकरमास्तर कुठल्याही खोलीत शिरले की आधी स्वतःच्या उजव्या तळहाताकडे बघत. घर लग्नाचं असो, मयताचं असो, नाहीतर समोर बँकेचा मॅनेजर बसलेला असो. हात छातीपुढे धरायचा, जरा डावीकडे वळवायचा, जरा उजवीकडे, आणि मग खाली सोडून "नमस्कार" म्हणायचं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना वाटे, माणूस भविष्याच्या नादी लागलाय. आमच्या शेजारच्या कापडवाल्याने एकदा त्यांच्यापुढे हात केला. "मास्टरजी, मेरा भी देख लो, दुकान कब चलेगी?" मास्तरांनी तो हात धरून त्याला दारात नेलं, उजेडात तळवा नीट पाहिला आणि सांगितलं, "फाइव्ह-सिक्स." तो बिचारा मे-जूनची वाट बघत बसला. मास्तरांनी त्याला लेन्सचा आकडा सांगितला होता.

मी तेव्हा उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात परसराम सेठच्या फोटो स्टुडिओत रिटचिंग करायचे. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. रंगीत फोटो आले होते, पण स्थळाकडे पाठवायचा मुलीचा फोटो आमच्याकडे अजून काळा-पांढराच निघे. माझी जागा मागच्या खोलीत, खिडकीशी. उतरती बसवलेली दुधी काच, तिच्याखाली आरसा, काचेवर निगेटिव्ह. पॉलिशपेपरवर घासून सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने मुरमं घालवायची, डोळ्यांखालची वर्तुळं पुसायची आणि मुख्य म्हणजे मुली गोऱ्या करायच्या. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. सावळा चेहरा तिथे जवळजवळ आरपार दिसतो, आणि त्यावर पेन्सिलीचा काळा थर जितका चढवावा तितकी मुलगी छापताना उजळ निघते. काळं फासून गोरं करायचा हा धंदा मी बारा वर्षं केला आणि माझा हात चांगला होता. हे सांगायची आता लाज वाटत नाही. थोडी वाटते.

मास्तर त्याच दुकानात कॅमेऱ्यावर होते. पन्नाशीला आलेले, उंच, खांद्यात किंचित वाकलेले, रंगाने काळेभोर. "आपल्या काळ्या पडद्यापुढे मी उभा राहिलो तर नुसता सदरा उभा दिसतो," असं ते स्वतःच सांगत. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंमध्ये कॅमेरा डिपार्टमेंटला त्यांनी वीस वर्षं काढली होती. आधी ट्रंका उचलल्या, मग फोकस ओढला, म्हणजे लेन्स फिरवून चित्र स्पष्ट ठेवलं, मग असिस्टंट झाले. कॅमेरामन म्हणून नाव मात्र पडद्यावर कधी आलं नाही. ज्या स्टुडिओत जायचे तो बंद पडला आणि अंबरनाथला दोन खोल्या परवडत होत्या, म्हणून ते तिथे आले. या सगळ्याबद्दल ते रडगाणं गात नसत. खरं तर विचारल्याशिवाय बोलतच नसत.

घरी वहिनी आणि एकच मुलगी, सुलभा. शाळेत शिक्षिका, आवाज गोड, स्वभावाने शांत, आणि रंगाने थेट बापावर गेलेली. मास्तरांच्या आयुष्यात काळजी म्हणावी अशी एकच होती, सुलभाचं लग्न. फोटो जायचा, पंधरा दिवसांनी पोस्टाने परत यायचा. पत्रात लिहिलेलं असायचं, पत्रिका जुळत नाही. "पत्रिका मी पाठवलीच नव्हती," असं एकदा मास्तर मला म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायला गेले.

ते दुकानात आले तेव्हा सेठने सांगितलं तसंच करत. मुलीचा फोटो म्हटला की दोन्ही बाजूंनी झगझगीत दिवे आणि लेन्स एक स्टॉप जास्त उघडी. स्टॉप म्हणजे लेन्समधून उजेड किती आत घ्यायचा त्याचं माप. एक स्टॉप उघडला की उजेड दुप्पट होतो. उरलेलं माझी पेन्सिल बघून घेई. मी राहायचे त्या बदलापूरच्या कुळगावातल्याच एका मुलीचा फोटो आम्ही दोघांनी मिळून असा केला. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो हे कळत नव्हतं, पण होती गोरीपान. पाहुण्यांनी फोटोवरून होकार कळवला, माणसं बघायला आली, मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, आणि मुलाच्या आत्याने विचारलं, "ही थोरली का? फोटोतली कुठंय?" घरात दुसरी मुलगी नव्हती. पाहुण्यांनी पोहे तसेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील दुकानात आले. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. त्यांनी फोटो काउंटरवर ठेवला आणि हात जोडून म्हणाले, "फोटू झ्याक काढलाव तुमी. पन ह्याच्यात आमची पोर नाय." आणि फोटो तिथेच ठेवून निघून गेले.

मास्तरांनी तो फोटो उचलला, दुकानाच्या दारात सावलीत गेले आणि बराच वेळ बघत राहिले. फोटो ते कधी उन्हात बघत नसत. उन्हात सगळेच फोटो चांगले दिसतात, असं त्यांचं म्हणणं. परत आल्यावर सेठला म्हणाले, "आजपासून मुली जशा आहेत तशा काढणार."

सेठ वाईट माणूस नव्हता. त्याने कपाळाला हात लावला. "अरे साईं, गोरी नाही केली तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाणार. फोटो काय कोर्टात दाखवायचा आहे?"

"पाहुण्यांना दाखवायचाय," मास्तर म्हणाले. "कोर्टात निदान वकील तरी मिळतो."

शेवटी तडजोड झाली. मुलींचे फोटो सेठचा भाचा काढू लागला आणि मास्तरांकडे लग्नं आली. पुढे व्हिडिओ आला तेव्हा तोही त्यांच्याकडेच गेला. भाच्याचे फोटो माझ्या काचेवर येतच राहिले, आणि मीही ते करतच राहिले. मास्तर जाता-येता एक नजर टाकत. बोलत काही नसत. एकदाच म्हणाले, "बाई, रिटचिंग करायचंच तर असं करा, की पेन्सिल कुठे लागलीय ते कळता कामा नये." मी ते कौतुक समजून घेतलं.

मास्तरांचा क्लास मला माहीत झाला तो खिडकीमुळे. दर शुक्रवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मागच्या अंगणात चार-पाच जण जमत. आमचं दुकान जुन्या बराकीला चिकटून होतं आणि पुढच्या बराकीची चुन्याने रंगवलेली लांबलचक भिंत अंगणाच्या पलीकडे उभी होती. जमणारे सगळे कमावते बाप्ये होते. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून अंबरनाथच्या एका कारखान्यातला जनार्दन नावाचा फिटर यायचा, शहाडहून गिरणीतला एक जण यायचा, एक बांगड्यांचा दुकानदार यायचा. सगळ्यांना सिनेमाचा कॅमेरामन व्हायचं होतं. मास्तर त्यांना होऊ नका म्हणत नसत आणि व्हालच असंही म्हणत नसत.

पहिले तीन महिने कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. भिंत लिहायची. प्रत्येकाने एक वही करायची, घराजवळची एक भिंत धरायची आणि सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत जमेल तेव्हा तिच्याकडे बघून लिहायचं, आता उजेड कुठून येतोय, सावलीची कड धारदार आहे की मऊ, आणि लेन्स किती उघडावी लागेल. आकडा अंदाजाने आधी लिहायचा, मग उजेड मोजायचा मीटर कुठूनतरी उसना आणून पडताळायचा. जनार्दनची भिंत कारखान्याच्या गेटची होती. तीन आठवड्यांनी तो वैतागून म्हणाला, "मास्तर, वॉचमन माझ्यावर डाऊट घेतोय. बोलतो, रोज गेटकडे बघून काय लिवतो?"

"मग?"

"मग काय, त्याला वही दाखवली. आता तोच मला सांगतो, 'आज ढग आलेत, दोन स्टॉप कमी लिव.'"

मास्तर हसले. मी त्यांना मोजून तीन-चारदाच हसताना पाहिलंय, त्यातलं हे एक. "तो वॉचमन क्लासला येईल का विचार," ते म्हणाले. तो खरंच दोन शुक्रवार आला.

मास्तरांच्या गळ्यात काळ्या दोरीला एक जुना लाइट मीटर असे. गिऱ्हाईक त्या मीटरकडे बघूनच अदबीने वागे. एका शुक्रवारी बांगडीवाल्याने तो हातात घेतला, उन्हात धरला, सावलीत धरला, काटा हलेना. "मास्तर, हा तर मेलाय."

"नऊ वर्षं झाली," मास्तर म्हणाले.

"मग घालता कशाला?"

"डॉक्टर स्टेथोस्कोप घालून जेवायला का बसतो?" मग उजवा हात पुढे केला. "माझा मीटर हा. माणसांचे चेहरे शंभर रंगांचे असतात, पण तळवा सेठचा असो की हमालाचा, उन्नीस-बीस. तळव्यावर मोजा आणि एक स्टॉप उघडा. जगात कुठेही जा, फसणार नाही." सगळ्यांनी आपापले तळवे एकमेकांशेजारी धरून पाहिले. मीही खिडकीआड माझा पाहिला.

त्यांचं शिकवणं असंच होतं, हाताशी येईल त्याने. खऱ्या मीटरबद्दल सांगत, "त्याला अक्कल नसते. पांढरा शालू दाखवा, काळी म्हैस दाखवा, त्याला दोन्ही राखीच वाटतात. शालूवर मोजलंत तर नवरी कोळसा होणार. चेहऱ्यापाशी जाऊन मोजा." दिव्यांबद्दल सांगत, "आधी एकच दिवा लावा. पटला नाही तर दुसरा लावू नका, पहिला हलवा. दुसरा दिवा बहुतेक वेळा पहिल्याची चूक झाकायला आणलेला असतो." आणि नव्याने आलेल्या व्हिडिओबद्दल, "फिल्मचं पोट मोठं, चार घास जास्त झाले तरी पचवते. व्हिडिओचं पोट लहान. पांढरं जरा जास्त वाढलंत की ओकणार. तेव्हा आधी पांढरं सांभाळा." ही वाक्यं मी कुठे लिहून ठेवली नव्हती. काचेवर वाकून मुली गोऱ्या करताना ती कानावर पडत राहिली आणि राहून गेली.

एका शुक्रवारी त्यांनी पिशवीतून एक वांगं आणि एक मुळा काढला आणि स्टुलावर शेजारी-शेजारी ठेवला. दोन्ही एका फोटोत नीट यायला हवेत. मुळ्यासाठी लेन्स आवळली की वांगं अंधारात जाई, वांग्यासाठी उघडली की मुळा जळे. तासभर झटापट झाली. बांगडीवाल्याने वांग्यावर सरळ दिवाच मारला, तर त्यावर एक पांढरा डाग उठला आणि बाकीचं वांगं होतं तसंच काळं राहिलं.

मास्तरांनी दिवा बंद केला. गणपतीच्या मखरातून उरलेला थर्माकोलचा एक मोठा तुकडा घेतला आणि वांग्याच्या बाजूला उभा धरून हळूहळू सरकवत राहिले. एका जागी वांग्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक मऊ लांब चमक उतरली. वांगं तितकंच काळं होतं, पण आता त्याला गोलाई आली होती, पोट आलं होतं, देठाजवळची घडीसुद्धा दिसत होती.

"काळ्याला जास्त उजेड लागत नाही," मास्तर म्हणाले. "ज्याचं प्रतिबिंब त्याच्या अंगावर पडेल असं काहीतरी पांढरं त्याच्याजवळ न्यावं लागतं. आणि त्याच्या मागे पांढरी भिंत ठेवायची नाही. बास, एवढंच."

वांगं ते घरी घेऊन गेले. वहिनींनी त्याचं भरीत केलं असं दुसऱ्या दिवशी कळलं.

शिकलेलं कामाला लागताना मात्र घोटाळे होत. जनार्दनला एका हळदीच्या कार्यक्रमाला पहिल्यांदाच एकट्याने कॅमेरा घेऊन पाठवलं. व्हिडिओ कॅमेऱ्याला सुरुवातीला काहीतरी पांढरं दाखवून सांगावं लागतं, की बाबा, हे पांढरं, बाकीचे रंग यावरून धर. जनार्दनने आजूबाजूला पाहिलं, समोर नवरदेवाच्या काकांचा पंचा दिसला, तोच दाखवला. काकांना नुकतीच हळद लागून पंचा पिवळा झालेला. कॅमेऱ्याने त्या पिवळ्यालाच पांढरं मानलं, आणि सगळं हळदीचं घर निळं झालं. नवरा निळा, करवल्या निळ्या, जिलब्यासुद्धा आजारी दिसत होत्या. सेठ ओरडायला लागला. मास्तरांनी कॅसेट शेवटपर्यंत शांतपणे बघितली आणि एवढंच विचारलं, "खिशात रुमाल नव्हता?" त्या दिवसापासून मास्तरांच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात एक पांढरा रुमाल असे, आणि त्याने नाक पुसायला बंदी होती.

त्याच जनार्दनच्या चुलत बहिणीचं लग्न बारवी धरणाच्या पलीकडे एका पाड्यावर होतं. तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात बाहेरच्या एका व्हिडिओवाल्याने हजार वॅटचा हॅलोजन हातात धरून तिच्या तोंडावर मारला होता. सबंध कॅसेटभर नवरी डोळे मिटून उभी होती. म्हणून या वेळी जनार्दनने मास्तरांना गळ घातली. मी नंतर ती कॅसेट पाहिली. मास्तरांनी मांडवाच्या छताखाली घराघरांतून आणलेली पांढरी धोतरं ताणून बांधून घेतली आणि दिवा माणसांवर न मारता त्या धोतरांवर वर मारला. सगळा मांडव वरून येणाऱ्या मऊ उजेडाने भरला. नवरीने डोळे उघडले आणि मान वर करून इकडे-तिकडे बघायला लागली. कॅसेटमध्ये कुणाच्यातरी आजीचा आवाज येतो, "आता पोरीचं डोलं दिसलं बग!" मास्तरांचं आयुष्यात कुणी इतकं कौतुक केलं असेल असं मला वाटत नाही. ते मात्र म्हणाले, त्यात काय, धोतरं स्वच्छ होती.

या सगळ्या वर्षांत सुलभाचे फोटो जात होते आणि परत येत होते. ती सत्तावीस वर्षांची झाली. वहिनी कधी दुकानावरून जायच्या तेव्हा माझ्यापाशी बसायच्या. "निर्मलाताई, जगाच्या मुलींना तुम्ही उजळवता. माझ्याच पोरीने काय घोडं मारलंय? यांना सांगून बघा ना." मी हसून विषय बदलायची. मास्तरांना काही सांगायची माझी छाती नव्हती.

मग एका दुपारी सेठ जेवायला गेला असताना मास्तर मागच्या खोलीत आले. हाताकडे न बघता आले, म्हणून मी वर पाहिलं. त्यांच्या हातात बटर पेपरमध्ये गुंडाळलेलं एक निगेटिव्ह होतं. ते त्यांनी काचेवर ठेवलं नाही, माझ्या डब्याशेजारी ठेवलं.

"बाई, एक काम होतं."

"बोला ना."

"सुलभाचा नवा फोटो काढलाय. डोंबिवलीला एक स्थळ आहे, चांगलं आहे. पेणलाही एक आहे." ते खिडकीतून भिंतीकडे बघत होते. "जरा पेन्सिल फिरवा. जास्त नको. अर्धा स्टॉप."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "मास्तर, तुम्हीच तर..."

"हो, मीच," ते म्हणाले. "बाप झाल्यावर तुम्हाला कळेल, असं म्हणणार होतो. तुम्हाला ते लागू नाही." आणि बाहेर गेले.

मी निगेटिव्ह काचेवर ठेवलं. घरच्या दारात काढलेला फोटो होता. अंगणात कुठेतरी चादर वाळत घातलेली असावी आणि तिच्यावर ऊन पडत असावं, कारण सुलभाच्या एका गालावरून कपाळापासून हनुवटीपर्यंत एक मऊ चमक उतरली होती. दुसरी बाजू सावलीत सोडली होती, आणि त्या सावलीतही डोळा जिवंत होता. मागे काळपट दार. मी तोवर हजारांनी चेहरे पाहिले होते. इतकं नीट काढलेलं निगेटिव्ह त्या काचेवर कधी आलं नव्हतं.

मी पेन्सिलीला टोक काढलं, पेन्सिल निगेटिव्हवर धरावी म्हणून आधी लावतात त्या मीडियमची बाटली उघडली. कुठे फिरवायची? सावलीत फिरवली तर गालाची गोलाई जाणार. चमकेपाशी फिरवली तर चमक बाकीच्या गालात मिसळून जाणार. ते वांगं सारखं डोळ्यांपुढे येत होतं. मी तासभर तशीच बसले, मग बाटलीला बूच लावलं आणि निगेटिव्ह जसंच्या तसं छापायला दिलं. हे मी काही तत्त्व म्हणून केलं नाही. मी घाबरले होते, बस्स. मास्तरांचं काम बिघडवायचा मला धीर झाला नाही, आणि ते त्यांना तोंडावर सांगायचाही झाला नाही.

संध्याकाळी फोटो त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "केलं मास्तर."

आयुष्यात मी फारशी खोटं बोललेली नाही, त्यातलं हे सगळ्यात मोठं. आणि ते बोलले कुणाशी? ज्या माणसाला भिंत बघून पाव स्टॉपचा फरक कळत होता त्याच्याशी. मास्तर फोटो घेऊन दारात गेले, सावलीत उभे राहिले आणि बघत राहिले. रस्त्यावरून दोन हातगाड्या गेल्या, एक रिक्षा गेली. मग परत आले.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "पेन्सिल कुठे लागलीय ते कळतसुद्धा नाही."

त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. त्यांचा चेहरा वाचायला नेहमीच अवघड होता. फोटो त्यांनी बटर पेपरमध्ये गुंडाळला आणि पुढच्या दुकानातून लखोटा आणायला गेले.

डोंबिवलीहून फोटो परत आला. पत्रिका जुळत नाही. ते ऐकल्यावर मला आठ दिवस घास गोड लागला नाही. अर्धा स्टॉप फिरवला असता तर कदाचित जमलं असतं. बापाने एकदाच काही मागितलं आणि मी काय केलं, तर माझी भीती त्याच्या मुलीच्या गळ्यात बांधली. मास्तर रोज यायचे, तळहात बघायचे, कामाला लागायचे. मी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते. पेणला फोटो जायच्या आधी त्यांना खरं सांगून टाकावं असं तीनदा ठरवलं आणि तीनदा चहा पाजून परत पाठवलं.

पेणच्या माणसांनी पत्र पाठवलं नाही. एका रविवारी ती माणसं सरळ अंबरनाथला घरी आली.

लग्न अंबरनाथलाच झालं, चाळीपुढच्या मोकळ्या जागेत, मांडव घालून. वहिनींनी मला दारातच मिठी मारली. डोळे भरलेले. "निर्मलाताई, तुमच्या पेन्सिलीने झालं हो सगळं! मी यांना किती वर्षं सांगत होते." मी खरं काय ते सांगायला गेले. तेवढ्यात शेजारून मुलाची आई म्हणाली, "फोटोतल्यासारखीच निघाली बाई. फोटोंवरून दोनदा फसलो होतो ना आम्ही, म्हणून या वेळी कळवलंच नाही, बघायला म्हणून तसेच आलो." मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी हे ऐकलं होतं. ते मांडवाच्या छताला बांधलेलं पांढरं कापड नीट ताणलंय का, ते बघत होते.

त्यानंतर वर्षभरात मास्तर वहिनींना घेऊन कोकणात गावी गेले, आणि मी सेठचं दुकान सोडून बदलापुरात स्वतःचं छोटं दुकान काढलं. पेन्सिल तेव्हाच ठेवून दिली. जनार्दन पुढे खरंच कॅमेऱ्यावर गेला, सिनेमाच्या नाही, पण पोट भरेल इतका. मास्तरांची आणि माझी परत गाठ पडली नाही. त्यामुळे मला ते अजून त्या मांडवातच दिसतात.

कन्यादान चाललं होतं. व्हिडिओ जनार्दन काढत होता आणि कॅम्पातून आणलेला एक नवा पोऱ्या हॅलोजन धरून होता. भटजींनी हात पुढे करा म्हटल्याबरोबर त्या पोऱ्याने उत्साहाने दिवा थेट सुलभाच्या तोंडावर धरला. तिने डोळे मिटले. मास्तर पाटावर सोवळं नेसून बसलेले, बोलायची सोय नव्हती. त्यांनी मान वर केली, पोऱ्याकडे पाहिलं आणि हनुवटीने छताकडे खूण केली. पोऱ्याला कळेना. जनार्दनला कळलं. त्याने कॅमेरा तसाच खांद्यावर ठेवून एका हाताने दिवा वर फिरवला. कापड उजळलं, आणि सुलभाने डोळे उघडले.

जावयाची ओंजळ खाली, तिच्यावर सुलभाची, तिच्यावर मास्तरांची. वहिनी पाण्याची झारी घेऊन थांबल्या. मास्तरांनी सवयीने आधी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. मग मुलीच्या तळहाताकडे, मग जावयाच्या. जनार्दनकडे बघून एकदा मान हलवली, ठीक आहे अशी. मग वहिनींना म्हणाले, "सोड पाणी."